‘का’च्या आधी ‘कुठे’

‘मॅडम, आमची मुलगी सिनेमा बघून उठली की तासभर बोलते. पण शाळेने चित्रपट परीक्षण लिहून आणायला सांगितलं, तर तीन दिवसांत एक वाक्य झालंय. “चित्रपट खूप छान आहे.” पुढे पेनच हलत नाही. काय करावं?’

हा प्रश्न दरवर्षी दोन-चार पालक तरी विचारतात. कुणाला मुलाची भाषा कच्ची वाटते, कुणाला एकाग्रता कमी वाटते, बाकीचे मोबाइलवर खापर फोडून मोकळे होतात. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही हा प्रश्न किरकोळ वाटायचा. तीनशे शब्दांच्या गृहपाठासाठी समुपदेशकाकडे कशाला यायला हवं? इरा आल्यावर हे मत बदलावं लागलं. (तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहायला तिची आणि तिच्या बाबांची परवानगी आहे.)

इरा नववीतली. पहिल्या भेटीत बाबांसोबत आली. मी तिला विचारलं, ‘कोणता सिनेमा घेतलास?’ उत्तर बाबांनी दिलं. ‘तुला आवडला?’ तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘हो, छान आहे. छायाचित्रण उत्कृष्ट आहे.’ मी विचारलं, ‘कोणत्या प्रसंगातलं?’ ती गप्प. बाबा लगेच पुढे सरसावले. ‘अगं, तो सुरुवातीचा लांबलचक शॉट नाही का...’

बाबा तापट नव्हते, रागीट नव्हते, गुणांच्या मागे लागलेलेही नव्हते. त्यांना सिनेमाचं वेड होतं. घरात सिनेमा लागला की ते प्रेमाने, उत्साहाने समजावून सांगत. हा दिग्दर्शक कोण, हा प्रकाश असा का, हे दृश्य इथेच का कापलं. इराने एखादं वाक्य सुरू केलं की पुढचं वाक्य ते पूर्ण करत. बहुतेक वेळा तिच्यापेक्षा चांगलं करत, आणि गोम तिथेच होती.

शाळेचं काम साधं होतं. आवडलेला कोणताही चित्रपट घ्या, तीनशे शब्द लिहा, दहा दिवसांनी द्या. मुद्दे दिलेले होते: कथानक, अभिनय, दिग्दर्शन, संगीत, स्वतःचं मत. चित्रपट अर्थातच बाबांनी सुचवलेला होता. मी त्याचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. एका चौकोनी कुटुंबाची गोष्ट. नवं घर, वडिलांची गेलेली नोकरी, दोन मुलं, आणि सगळं सांभाळणारी आई.

जाता जाता इराने हळूच फोन पुढे केला. त्यात एक पूर्ण परीक्षण होतं, एआयकडून लिहून घेतलेलं. ‘पटकथेची घट्ट वीण’, ‘संयत अभिनय’, ‘मनाला भिडणारा शेवट’. मी विचारलं, ‘मग हेच का नाही दिलंस?’ ती म्हणाली, ‘कारण हे बाबांसारखं वाटतं.’

तेव्हा हे वाक्य मी टिपून ठेवलं, पण त्याचा अर्थ मला पुढच्या भेटीपर्यंत लागला नाही. उलट मीच एक चूक केली. तिला बारा प्रश्नांचा एक तक्ता दिला. नायक कोण, संघर्ष काय, कोणतं पात्र आवडलं, का आवडलं, संदेश काय. असे तक्ते आमच्याकडे तयार असतात आणि पालकांना ते हातात पडले की बरं वाटतं. पुढच्या वेळी इरा बाराच्या बारा उत्तरं लिहून घेऊन आली. सुवाच्य अक्षर, समास आखलेला, आणि कागदावर कुठेही जीव नाही. सातव्या प्रश्नाचं, ‘हा चित्रपट का आवडला?’ याचं उत्तर होतं: ‘कारण यातून कुटुंबाचं महत्त्व कळतं.’

‘बघताना तुझ्या मनात आलं होतं हे?’

‘नाही. पण असंच लिहायचं असतं ना?’

या वेळी बाबा बाहेर बसले होते. मी तक्ता उलटा ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःला दोन शब्द सुनावले. माझ्याच शास्त्रातली एक गोष्ट मी विसरले होते. 1993 मध्ये टिमोथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थिनींना पोस्टर दाखवली आणि आवडेल ते घरी न्यायला सांगितलं. त्यातल्या काहीजणींना निवडीआधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली. ज्यांनी कारणं लिहिली त्यांची निवड इतरजणींपेक्षा वेगळी निघाली. आणि काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा आपल्या पोस्टरवर त्याच कमी खूश होत्या. कारण मागितलं की आपण खरं कारण शोधत बसत नाही, शब्दांत चटकन मांडता येईल आणि समोरच्याला पटेल असं कारण पुढे करतो. मग त्या कारणाला शोभेल अशी आवड मागाहून तयार होते. मोठ्यांचं हे होतं, तर चौदा वर्षांच्या मुलीचं काय होणार? ‘का?’ हा प्रश्न तिला वर्गात, घरी, सगळीकडे बरोबर उत्तर ठाऊक असलेली माणसंच विचारत आली होती.

म्हणून मी ‘का’ सोडला आणि ‘कुठे’ धरला.

‘इरा, सिनेमा चालू असताना तू कुठे हललीस? म्हणजे पाय पोटाशी घेतलेस, उशी ओढलीस, पाणी प्यायला उठायचं होतं पण उठली नाहीस, असं काही?’

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. बराच वेळ ती खिडकीकडे बघत राहिली. असा वेळ गेला की नवशिके समुपदेशक घाबरतात आणि मधेच बोलतात. मीही पूर्वी बोलायचे.

‘मला सारखं वाटत होतं, ही बसत का नाही.’

‘कोण?’

‘आई. सिनेमातली. सगळे बसलेले असतात. बाबा बसतो, मुलं बसतात, शेजारी येऊन बसतात. ती उभीच. मला तिला सांगावंसं वाटत होतं, अगं बस ना.’ मग घाईघाईने, ‘पण हे काही महत्त्वाचं नाहीये. मूर्खासारखं आहे. सिनेमा तर नोकरीबद्दल आहे.’

मी तो सिनेमा पाहिलेला होता. मला हे दिसलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. समुपदेशकाने समोरच्याला काही शिकवायचं असेल तर ‘मला माहीत नाही’ इतकं प्रामाणिकपणे म्हणणं पुरतं, असा माझा अनुभव आहे. तिचे खांदे दोन इंच खाली आले.

‘परीक्षण’ हा शब्द मुलांना परीक्षेसारखा ऐकू येतो आणि त्यांचा निम्मा धीर तिथेच सुटतो. परीक्षक म्हणजे कोणीतरी मोठा, निकाल देणारा. मी मुलांना या शब्दाची फोड करून दाखवते: परि अधिक ईक्षण. ईक्षण म्हणजे पाहणं, परि म्हणजे सगळ्या बाजूंनी. समीक्षा, निरीक्षण, या सगळ्यांत तेच ‘ईक्ष्’ आहे. शब्दात निकाल कुठेच नाही. इराला हे ऐकून हसू आलं. ‘म्हणजे फक्त बघायचं?’ मी म्हटलं, ‘बघायचं, आणि जे बघितलंस ते दुसऱ्याला दाखवायचं. तू दाखवल्यावर त्याला तो सिनेमा थोडा वेगळा दिसला, तर झालं परीक्षण.’

मग तयारी ठरवली. सात दिवस हातात होते. सिनेमा पुन्हा पाहायचा, पण एकटीने, आणि एका बैठकीत नाही. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, घड्याळातल्या वेळेसकट. उजवीकडे त्या क्षणी आपल्याला काय झालं ते, एका शब्दात चाललं तरी. ‘छान’, ‘उत्कृष्ट’, ‘प्रभावी’ हे शब्द दोन्हीकडे बंद. डावीकडे ‘आई दुःखी आहे’ असंही लिहायचं नाही, कारण दुःख दिसत नसतं. पाठ दिसते, हात दिसतो, थांबलेला चमचा दिसतो.

रॉजर एबर्ट हे अमेरिकन समीक्षक. चित्रपट समीक्षेसाठी पहिल्यांदा पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळालं ते त्यांना, 1975 साली. ते अमेरिकेतल्या बोल्डरच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं एक खेळ घेत. पहिल्या दिवशी चित्रपट सलग दाखवायचा. पुढचे दिवस तोच चित्रपट पुन्हा, पण अंधारात बसलेल्या कोणीही ‘थांबा’ म्हणायचं आणि चित्र थांबवून त्याबद्दल बोलायचं. विद्यार्थी, प्राध्यापक, गावातला कोणीही. घरी एकट्याने करायला हा खेळ फार सोपा आहे, रिमोट तर हातातच असतो. इराला मी सांगितलं, तुझ्या अंगात काही हललं की थांबव.

आता राहिले बाबा. त्यांच्याशी वेगळं बोलले. आधी ते थोडे दुखावले. ‘मी तिला शिकवतच होतो, मॅडम. मला कोणी शिकवलं नाही.’ मग हळूहळू निघालं. कॉलेजात असताना त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमावर वह्या भरल्या होत्या. लिहिणारा व्हायचं होतं. नोकरी लागली, वह्या कपाटात गेल्या. घरात सिनेमाबद्दल बोलायला कोणी नव्हतं, आणि मग इरा मोठी झाली. ‘तिच्याशी बोलताना मला माझ्या वह्या परत मिळाल्यासारखं वाटतं,’ असं ते म्हणाले. त्यांना हे बोलणं बंद करा म्हणणं निर्दयपणाचं झालं असतं, शिवाय चुकीचंही. ज्या घरात सिनेमावर बोललं जातं त्या घरातल्या मुलांना बरंच काही आयतं मिळतं. फक्त क्रम बदलायचा होता. तिचं लिहून होईपर्यंत त्यांनी गप्प बसायचं. बोलल्याशिवाय राहवलंच नाही तर एकच प्रश्न विचारायची मुभा: ‘कुठे?’

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप आला. ‘स्वयंपाकघरातल्या प्रकाशयोजनेबद्दल एकच गोष्ट सांगू का? एकच.’ मी उत्तर पाठवलं, ‘वहीत लिहा.’ त्यावर एक हसरा चेहरा आला आणि नंतर दोन दिवस शांतता.

तिसऱ्या भेटीत इरा चेहरा पाडून आली. वही भरली होती, पण तिने ती उघडलीच नाही. ‘माझं चुकलं. ती बसते.’

‘कधी?’

‘एकदा. मी सगळे प्रसंग मोजले. आई घरात दिसते असे सतरा प्रसंग आहेत. सोळांत ती उभी आहे, नाहीतर वाकलेली. एकात बसते, स्टुलाच्या अगदी कडेवर. आणि लगेच फोन वाजतो, ती उठते. म्हणजे माझा मुद्दा खोटा झाला ना?’

मला त्या मुलीची पाठ थोपटावीशी वाटली. तीस-तीस वर्षं मतं मांडणारी माणसं आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या सरळपणे मांडत नाहीत. मी विचारलं, ‘सोळा वेळा उभी आणि एकदा बसते, हे जास्त बोलकं, की सतराही वेळा उभी, हे?’ तिने विचार केला. ‘सोळा आणि एक. कारण मग दिग्दर्शकाला माहीत होतं ती बसत नाही ते. मुद्दाम एकदा बसवलीय.’ आणि मग तिच्या लक्षात आलं, ‘आणि मुद्दाम उठवलीय!’

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण ‘स्वतःचं मत लिही’ म्हटल्यावर मुलं इथेच अडतात. त्यांना वाटतं मत म्हणजे एक तर बरोबर, नाही तर चूक, आणि एकदा दिलं की दिलं. मत बदलू शकतं, नेमकं होऊ शकतं, ही त्यांना कोणी दिलेली सवलत नसते. इराचं पहिलं मत होतं ‘ही बसत का नाही’. दुसरं झालं, ‘तिला एकदाच बसायला मिळतं आणि तेही पुरं होत नाही.’ दुसरं अधिक खरं होतं, आणि ते पहिलं खोटं पडल्यामुळेच सापडलं.

अजून एक गाठ सुटायची होती. त्या स्टुलाच्या प्रसंगाबद्दल वहीत उजवीकडे तिने लिहिलं होतं, ‘रडू आलं. तिचा चेहरा खूप रडवेला.’ पण डावीकडच्या रकान्यासाठी चित्र थांबवल्यावर तिचा गोंधळ उडाला होता. ‘मॅडम, चेहऱ्यावर काहीच नाहीये! ती नुसती बघतेय. मी थांबवून थांबवून पाहिलं. मग मला रडवेला का दिसला?’

सिनेमाबद्दल याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच चेहऱ्याला वेगवेगळी चित्रं जोडली. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. चेहरा तोच होता. त्यांचे शिष्य आणि पुढे स्वतः दिग्दर्शक झालेले पुदोव्हकिन यांनी नंतर लिहून ठेवलंय की बघणाऱ्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. भूक काय दाखवली, शोक काय दाखवला! ती मूळ फीत आज उरलेली नाही, पण तेव्हापासून सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली जाते. मी इराला ती सांगितली आणि विचारलं, ‘आईचा चेहरा दिसायच्या आधी काय दिसलं?’

तिने पान उलटलं. डाव्या रकान्यात होतं: ‘धुऊन ठेवलेले तीन कप. चौथा सिंकमध्ये.’

दोघी काही वेळ बोललो नाही. मग ती म्हणाली, ‘चौथा तिचा होता. तिचा चहा राहिला होता.’

आता तिच्या हातात अभिनय, दिग्दर्शन आणि संकलन असे तीन मुद्दे आपोआप आले होते, आणि ‘संयत’ हा शब्द एकदाही लागला नव्हता. संगीताचं मात्र अडलं. ‘मला संगीत आठवतच नाही,’ ती म्हणाली. मी सुचवलं, स्वयंपाकघरातले एक-दोन प्रसंग आवाज बंद करून पाहा, आणि मग डोळे मिटून नुसते ऐक. संध्याकाळी तिचा निरोप आला: ‘आई एकटी असते तेव्हा संगीत नाहीच! भांडी आणि नळ. बाबा येतो तेव्हा संगीत सुरू होतं.’ शेवटी उद्गारचिन्हं पाच.

आता लिहिण्याबद्दल थोडं, कारण पालकांना खरी घाई त्याचीच असते. बोलणारं मूल लिहीत नसेल तर त्याच्या बोलण्याचाच उपयोग करून घ्यावा. पाहून झाल्यावर तासाभरात, फोनवर स्वतःच्या आवाजात पाच मिनिटं बोलून ठेवायचं, कोणाला तरी सांगितल्यासारखं, आणि मग ते ऐकत लिहायचं. तासाभरात का, तर हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत दिसलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या तासातच निसटतं. ती निरर्थक अक्षरं होती, सिनेमाला अर्थ असतो, त्यामुळे गोष्ट लक्षात राहतेच. पण माझं निरीक्षण असं की मुलांच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी फक्त गोष्ट उरते. चौथा कप जातो. आणि मग परीक्षणात तीनशेपैकी अडीचशे शब्द कथानकाला जातात आणि उरलेल्या पन्नासांत अभिनय ‘उत्तम’ असतो.

कथानक किती सांगावं? न पाहिलेल्या मैत्रिणीला सांगावं, आणि तिने ‘मग?’ विचारलं की थांबावं. शेवट सांगू नये.

शुद्धलेखन शेवटच्या दिवशी. मूल पहिला कच्चा खर्डा दाखवायला आलं आणि आपण आधी ऱ्हस्व-दीर्घ पकडलं, की ते पुढच्या वेळी खर्डा दाखवत नाही.

आणि चित्रपट आवडलाच नसेल तर? काही शाळा चित्रपट ठरवूनच देतात. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. सगळा वर्ग ज्याला थोर म्हणत होता तो चित्रपट त्याला भयंकर कंटाळवाणा वाटला होता. तसं लिहिलं तर गुण जातील, आणि न लिहावं तर खोटं बोलल्यासारखं होईल, या कात्रीत तो अडकला होता. त्यालाही मी ‘कुठे’च विचारलं: घड्याळाकडे कुठे बघितलंस? त्याने बरोबर सांगितलं, कोणत्या प्रसंगापासून पुढे काय होणार ते त्याला आधीच कळायला लागलं होतं. ‘कंटाळा आला’ याच्याशी कोणी वाद घालत नाही आणि कोणाला ते पटतही नाही. ‘मध्यंतरानंतर प्रत्येक प्रसंगाचा शेवट मला पहिल्या वाक्यात कळत होता’, हे वाक्य मात्र शिक्षकालाही थांबून वाचावं लागतं. परीक्षणात नापसंती चालते. तिचा पत्ता तेवढा द्यावा लागतो.

इराने शाळेची चौकट मोडली नाही, आणि तसं करू नकोस असं मीच तिला सांगितलं होतं. पाच मुद्दे दिलेत तर पाचही हवेत, त्यात शहाणपणा करायची ही जागा नव्हे. तिने कथानक पाच ओळींत संपवलं, बाकी सगळं आई बसते की नाही याभोवती लिहिलं. तिचं पहिलं वाक्य होतं: ‘या चित्रपटात सतरा वेळा आई घरात दिसते आणि एकदा बसते.’ मी ते दोनदा वाचलं. त्यात कौतुकाचं एकही विशेषण नव्हतं.

द्यायच्या आदल्या रात्री तिने ते बाबांना वाचून दाखवलं. माझ्या सांगण्यावरून नव्हे, तिला वाटलं म्हणून. नंतर बाबा मला फोनवर म्हणाले, ‘मी हा सिनेमा सहा वेळा पाहिलाय. मॅडम, सहा वेळा.’ पुढे काही बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं की अभिमान, हे मला आवाजावरून ठरवता आलं नाही. बहुधा दोन्ही. मी विचारलं, तुम्ही तिला काय म्हणालात? ‘काही नाही. म्हणालो, कुठे बसते? दाखव. मग आम्ही तो एवढाच प्रसंग पाहिला.’

वीसपैकी चौदा गुण मिळाले. बाईंचा शेरा होता: ‘निरीक्षण चांगले. कथानक अपुरे. दिग्दर्शकाविषयी माहिती हवी होती.’ बाबा चिडले, शाळेत जाऊन बोलायच्या बेतात होते. इरा चिडली नव्हती. ‘बरोबर आहे बाईंचं,’ ती मला म्हणाली. ‘ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याला माझ्या पाच ओळींत काही कळत नाही. मी परत वाचलं. आई कोणाची, घर का बदललं, काहीच नाही त्यात.’ मी माझ्या ‘मग?’च्या नियमाबद्दल जरा नव्याने विचार करते आहे. बहुतेक तिच्या मैत्रिणीने ‘मग?’ फार लवकर विचारलं असावं.

ती आमची शेवटची ठरवलेली भेट होती. उठता उठता मी विचारलं, घरी आता कसं चाललंय?

‘बाबा ना,’ ती म्हणाली, ‘आता सिनेमा लागला की दर पाच मिनिटांनी थांबवतो आणि मला विचारतो, कुठे? कुठे वाटलं काही? काल मी त्याला सांगितलं, बाबा, रिमोट इकडे दे. मला सिनेमा बघू दे.’